विकलेल्या गाडीचे उरलेले भाग

मोटरसायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या सीटवर एक कोंबडी बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये नोकरी केली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. म्हणून सानपाड्याहून बसने सीवूड्सला उतरायचं आणि खाडीच्या बाजूला फिरून यायचं, असं मी सुरू केलं होतं. टॉवरांच्या मागे जुनं गाव आहे. तिथे एका तीन मजली घराच्या खाली, निळ्या ताडपत्रीतून एक चाक बाहेर आलेलं दिसलं. मी ताडपत्री थोडी वर केली. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली, दोन्ही बाजूंना लांब सायलेन्सर असलेली जुनी गाडी. आणि कोंबडी.

"विकायची आहे का?" मी विचारलं. विचारीपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं की मी हे विचारणार आहे.

घरमालक खुर्चीत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी. "नाय," ते म्हणाले.

"हाय," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "इकाची हाय."

काकांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग ओढणीकडे. "चालवनार कोन?"

"मी."

"बंद हाय ती."

"कधीपासून?"

"पोराच्या लग्नापासून."

"लग्नाला किती दिवस झाले?"

"नातू कालेजात हाय."

व्यवहार काकूंशी झाला, आत स्वयंपाकघरात, सुकट निवडता निवडता. तेवढ्या वेळात काका बाहेर ताडपत्रीची घडी घालत होते. एका ताडपत्रीची घडी घालायला इतका वेळ लागत नाही.

का घेतली, हे मी लोकांना वेगवेगळं सांगितलं. भाचीला म्हटलं, छंद. शेजारणीला म्हटलं, गुंतवणूक. खरं म्हणजे कंपनीची बस चुकली की मी यांची, म्हणजे नवऱ्याची, मोटरसायकल घेऊन तळोज्याला जायचे, आणि ते दिवस मला नोकरीतल्या इतर सगळ्या दिवसांपेक्षा जास्त आठवतात. पुढे यांनी टेंपो घेतला आणि मोटरसायकल विकली. मला विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.

यांचा वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. पहाटे जायचं, दुपारी येऊन जेवायचं आणि झोपायचं, असं त्यांचं आयुष्य. मी जेवताना विषय काढला.

"चालती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आणायची कशी?"

विरोध म्हणतात तो एवढाच झाला. दुसऱ्या दिवशी टेंपो गेला, सोबत आमच्याच भागातले दोन माथाडी. मोटरसायकल रिकाम्या गोण्यांवर आडवी होऊन सानपाड्याला आली. उतरवताना एक जण म्हणाला, "वहिनी, हिच्यापरास बटाटा बरा. गोणीला धरायला कोपरा तरी असतो." इंजिनाच्या पात्यांमधून पुढे कितीतरी दिवस कांद्याची सालं निघत होती.

मेकॅनिक जुईनगरचा. उदास माणूस. तो प्रत्येक गाडीकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसा बघतो. त्याने किकवर सगळं वजन टाकलं. किक हलली नाही.

"पिस्टन जाम आहे," तो म्हणाला.

"सुटेल?"

"सुटला तर सुटेल. नाय सुटला तर शोभेला ठेवा. हल्ली हॉटेलवाले घेतात."

प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवायचं आणि थांबायचं, असा त्याचा सल्ला होता. थांबणं मला जमतं. लॅबमधली निम्मी नोकरी थांबण्याचीच होती. दरम्यान मी टाकी हातात घेतली. आत गंजाचे पापुद्रे सुटले होते. टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि पाणी घातलं आणि यांच्या मांडीवर ठेवली. दुपारची झोप झाली की ते मालिका बघत टाकी हलवत बसायचे. मालिकेतली सासू काय बोलते ते आम्हा दोघांनाही ऐकू यायचं नाही, आणि त्याने कथा समजायला काहीच अडचण आली नाही. गंज सुटल्यावर मी टाकीत सायट्रिक अ‍ॅसिड भरून ठेवलं, मग सोड्याच्या पाण्याने धुतली. आतून ती भांड्यासारखी निघाली. "आता हिच्यात दूध तापवलं तरी चालंल," हे म्हणाले. त्यांच्याकडून हे कौतुक समजायचं.

त्याच सुमाराला एका रविवारी वॉचमनने खालून फोन केला. काका आले होते, हातात पिशवी घेऊन.

"गारीचा आवाज ऐकाला आलो," ते म्हणाले.

"अजून सुरू नाही झाली, काका."

"मग बसतो."

पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते दुपारपर्यंत बसले. मी ब्रेक उघडत होते ते बघत होते. निघताना पिशवीतून त्यांनी टूलबॉक्सचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. "घरा ऱ्हायलं व्हतं."

पुढच्या वेळी हॉर्न राहिला होता. त्यानंतर टाकीचं झाकण, ज्याच्या जागी मी तोपर्यंत स्टीलची वाटी उपडी घालून ठेवली होती. एकदा आरसा आणला. मी विचारलं, "काका, अजून काय काय राहिलंय?"

"बघतो," ते म्हणाले. जसं काही गाडी अजून त्यांच्याच घरात होती आणि सानपाड्याला नुसती तिची सावली आली होती.

पिस्टन सुटला. तळोज्याला माझ्या ओळखीच्या एका लेथवाल्याकडून सिलिंडर आतून घासून घेतला, नवा पिस्टन बसवला. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. टायर, चेन, क्लचच्या प्लेटा बदलल्या. सगळं झाल्यावर मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला आणि नेहमीपेक्षा उदास झाला. पेट्रोल मोजून आत सोडणारा जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू, जागेवर नव्हता.

"उंदीर," तो म्हणाला.

"उंदीर पितळ खात नाहीत."

"मुंबईचे खातात."

जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे आम्ही जेट शोधत फिरलो. जो मिळाला त्याचं भोक मोठं निघालं. गाडी दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि बंद पडली. दुसरा आणला, त्याचे आटेच वेगळे. हे सगळं चालू असताना काका रविवारी येऊन खुर्चीवर बसत होते. जेट मिळत नाही हे त्यांच्यासमोर शंभरदा बोलून झालं होतं. ते मान हलवायचे.

शेवटी मी काकूंना फोन लावला. जुनं सामान घरात कुठे पडलंय का बघा, म्हटलं. बारीक पितळी स्क्रू.

"थांबा," काकू म्हणाल्या. फोन तसाच ठेवून त्या गेल्या. घरात काहीतरी मोठ्याने बोलणं झालं. मग त्या परत आल्या. "हाय. देव्हाऱ्यात हाय. कुंकवाच्या डबीत. मना वाटलं घंटीचा हाय."

रविवारी काका पिशवीशिवाय आले. जेट त्यांच्या बंडीच्या खिशात होता, कागदात गुंडाळलेला. गोष्ट अशी होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा नव्या सुनेला मागे बसवून सुसाट निघाला आणि गावाच्या वेशीवर खड्ड्यात पडला. सुनेचा हात मोडला. काकांनी त्या संध्याकाळी जेट काढून घेतला आणि गाडी बिघडली म्हणून सांगितलं. मुलगा चिडला, मग विसरला, मग त्याने कार घेतली. जेट डबीतच राहिला. बिघडलेली नसलेली गाडी उभी राहून राहून खरोखर बिघडली.

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"आम्ही भायखळ्यापर्यंत जाऊन आलो, काका."

"सांगत व्हते तुमी."

मला राग आला. इतका की त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही. आमच्या घरात यापुढची पायरी नाही. मी पान्हा ठेवला आणि हात पुसत उभी राहिले.

काका खुर्चीत बसले नाहीत. गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभे होते. "चालू झाली की ती तुमची," ते म्हणाले. "बंद हाय तवर थोरी माजी हाय."

हे झोपेतून उठून खाली आले होते, लिफ्टपाशी उभे राहून ऐकत होते. "अगं, चहा टाक की," ते म्हणाले. मी वर गेले आणि चहा टाकला. खिडकीतून खाली बघितलं तर दोघं गाडीशेजारी उभे होते.

चहा झाल्यावर जेट मीच बसवला. मेकॅनिकला बोलावलं नाही, त्याचा चेहरा त्या दिवशी नको होता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, गिअरची दांडी आत दाबून वर घेतली आणि किक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. काका म्हणाले, "चोक." मी चोक ओढला आणि किक मारली.

गाडी सुरू झाली. आवाज पत्र्यावर कोणीतरी लयीत हातोडी मारावी तसा. आणि धूर असा की खांब दिसेनात. हे खोकत बाहेर पळाले. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडायला तयार नव्हते, न जाणो बंद पडली तर. दुसऱ्या मजल्यावरून एका बाईंनी ओरडून विचारलं, फॉगिंगवाले मागच्या बाजूलाही येणार आहेत का, तिकडे डास जास्त आहेत. मग सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. "मॅडम, हे टेन्शन किती वेळ आहे?"

"आत्ताच सुरू झालंय," मी म्हटलं.

धुरात काका दिसत नव्हते. तो विरळ झाल्यावर दिसले. डोळे पुसत होते. धूर खूपच होता, तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नाही.

कागदपत्रांचे सोपस्कार उरकल्यावर एका सकाळी मी गाडी पाम बीच रस्त्याने सीवूड्सला घेऊन गेले. वळणांवर तिचं डोकं जड होतं आणि ब्रेक विनंती केल्यासारखा लागत होता, पण गेले. गावात शिरले तर पोरंटोरं, भाडेकरू, सगळे बाहेर. काका दारातच होते.

"बसा," मी म्हटलं.

"मागं? नाय बसनार."

"मग चालवा."

त्यांनी हँडलकडे बराच वेळ पाहिलं. "डोल्यांचं आपरेशन झालंय," ते म्हणाले आणि हात मागे बांधले.

तेवढ्यात काकू आतून आल्या. माझ्याकडचं जादा हेल्मेट त्यांनी अंबाड्यावरून घालायचा प्रयत्न केला, मग अंबाडा सोडला. लुगडं नऊवारी, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून सरळ बसल्या. कोणाला विचारलं नाही.

आम्ही खाडीच्या रस्त्याला लागलो. थोडं पुढे गेल्यावर त्या मागे चुळबुळ करायला लागल्या. मी वेग कमी केला. "काय झालं, काकू?"

"या गारीवर मी बिनपाटीची कदी बसलेच नाय. रोज पाटेला मासलीबाजारात मावरा न्यायचा ना, मांडीवर पाटी. आता हात कुटं ठेवाचे ते कलत नाय."

"माझ्या खांद्यावर ठेवा."

त्यांनी ठेवले. जड, उबदार हात. तिवरांच्या बाजूने आम्ही गेलो. रस्ता संपतो तिथे मी गाडी वळवली.

परत आलो तर काका नाक्यापर्यंत चालत आले होते आणि कान देऊन उभे होते. मी गाडी थांबवली. काकू उतरल्या नाहीत.

"तुमी जा घरा," त्या त्यांना म्हणाल्या. "भात लावा. आमी बेलापूरपर्यंत जाऊन येताव."

मी गाडी हलवून टाकीतल्या पेट्रोलचा अंदाज घेतला. जाऊन येण्यापुरतं होतं.