सूनबाई, पाय दे टायरवर

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. "आबा गेले," एवढंच नवऱ्याच्या तोंडून फुटलं. खुलताबादच्या पुढच्या त्या शाळेतून घाट उतरून मी मोटारसायकलवर एकटीच घरी आले. महिना होऊन गेला... सासऱ्यांची आठवण निघाली की मला तो रस्ताच दिसतो, कारण तो माझ्यासाठी त्यांनीच मोकळा ठेवला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी घाटात गाडी पंक्चर झाली. ढकलत ढकलत, रडकुंडीला येऊन घरी पोचले तर दारात सासूबाई. "पुरं झाली नोकरी. बाईमाणसानं असं रस्त्यावर ताटकळायचं व्हय?" मला वाटलं, संपलं सगळं. रविवारी मात्र आबांनी मागचं चाक खोलून अंगणात पोत्यावर आडवं ठेवलं आणि ट्यूब बदलायला मला हाक मारली.

दसरा नुकताच झालेला, टायरला हळदकुंकू तसंच होतं. टायरची एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबली की समोरची कड सैल होते. त्यासाठी टायरवर पाय द्यावा लागतो. पूजलेल्या चाकावर, तेही सासऱ्यांसमोर, कसा देणार? मी नुसत्याच लोखंडी पट्ट्यांनी झटत राहिले. टायर काढताना निभावलं, पण बसवताना पट्टीखाली नवी ट्यूब चिमटली आणि फाटली.

"पाय दे, सूनबाई."

"आबा, पूजलंय ते..."

"पूजलंय ते तुला घरी आणायसाठीच ना? दे पाय. मी नाय बघत."

आणि ते फाटकाकडं तोंड करून बसले. पाठमोरेच सांगत राहिले, "दुसऱ्या ट्यूबात थोडी हवा भर, म्हंजी चिमटत नाय. टायरात फडकं फिरव, काटा ऱ्हायला असंल. शेवटाला पट्टी नको, हातानं सरकव..." मी दोन्ही गुडघे टायरवर रोवले. कड आत बसली. हात काळे, ओढणी काळी, आणि मी वेड्यासारखी हसत होते. नोकरीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तिला आता कुणाची वाट बघायची गरज नाय." शिकवणारे मला पुष्कळ भेटले, माझा संकोच सांभाळून शिकवणारे आबाच. त्यांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

टायरची कड सहज सरकावी म्हणून तिला लावायला आबा न्हाणीतले झिजलेले साबणाचे तुकडे खिडकीत साठवायचे. सासूबाई त्या पसाऱ्यावरून रोज कुरकुरायच्या. काल बघते तर खिडकीत एक नवा तुकडा, अजून ओला. मी सासूबाईंकडं पाहिलं.

"काय बघती?" त्या म्हणाल्या. "लागंल की तुला. मागचं टायर लई झिजलंय."