डोक्यावरचा दुपट्टा

आमच्या पांढुर्ण्याच्या फुटबॉल टीमचा कोच आधी मीच होतो. यंदा नवा कोच आणला अन् मले त्याचा असिस्टंट केलं. मैदान सुटत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

माझ्या काळात मी डोक्यावर दुपट्टा बांधला की पोरं मागं सरून गोल राखत. सौंसरच्या मॅचले ऊन लागलं म्हणून बांधला. एका गोलनं पुढं असलेली सारी टीम मागं सरली, अन् बरोबरी झाली.

"काका, टीम कोण चालवून राहिलं, तुम्ही का मी?" नव्या कोचनं विचारलं.

"मी तं डोकं झाकून राहिलो."

पुढच्या मॅचले दुपट्टा घरी ठेवला. तरी पोरं माझ्याच डोक्याकडे पाहून राहिले. शेवटी खुर्ची उचलली अन् गर्दीच्या मागं जाऊन बसलो. तिथून मले बॉलही दिसत नव्हता.