वेदीवरची गाय

आमच्या कोर्बिनियनला कोणी 'कपाटं रंगवणारा' म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. रंगवायचा कपाटं, खरंय. पाळणे, मधमाश्यांच्या पेट्याही. पण कड्यावरून पडून वाचलेल्या माणसांनी देवमातेचा नवस फेडायला ज्या फळ्या टांगल्या, त्यांच्यावरची चित्रं कोणाची? त्याचीच. माणसं सगळी एकाच नाकाची काढायचा. गाय मात्र अशी, की मालकाने लांबूनच नाव घेऊन हाक मारावी.

त्याची इच्छा एकच होती. आपल्या हातचं काहीतरी चर्चच्या वेदीवर लागावं. अठराशे सव्वीस साली गुराढोरांचा कैवारी संत लिओनार्ड, त्याचं नवं चित्र करायचं ठरलं, तेव्हा या गड्याने नवा सदराच शिवून घेतला. आणि काम मिळालं शहरातल्या एगिडियस साहेबांना! साहेब रोमला शिकून आलेले. केस खांद्यापर्यंत, मधोमध भांग, चालताना डोळे आभाळात. पहिल्याच दिवशी पाय शेणात.

चित्रावरचं कापड निघालं. संत गोरापान, रडवेला, देखणा. शेजारी गाय. बावीस गाईंची मालकीण क्रेसेंझकाकू पुढे झाली.

"पाद्रीबाबा, हे कुत्रं कोणाचं?"

"बाई, गाय आहे ती."

"गाय? शिंगं कानाखाली, आचळं पाच, आणि बरगड्या मोजून घ्या! ज्याला स्वतःची एक पोसवत नाही, तो माझ्या बावीस काय राखणार?"

साहेब म्हणाले, "ती आत्म्याची गाय आहे."

"मग दूधही आत्म्याचंच प्या!"

मी साधा चांभार. अक्षरं स्वतःच शिकलो, पण गप्प बसायला मात्र कधी शिकलो नाही. पाद्रीबाबांच्या दारात बाक टाकून बसलो. म्हटलं, गाय बदलेपर्यंत गावातली एक मेणबत्ती लागायची नाही. तिसऱ्या दिवशी बाबा नमले. संत साहेबांचा राहील, गाय कोर्बिनियन काढेल.

"पण सही फक्त माझी," साहेब गुरगुरले. कोर्बिनियनने मान डोलावली.

आठ दिवसांनी गाय झाली. तांबडी, भरलेली, ओल्या नाकाची. क्रेसेंझकाकूने सवयीने मूठभर मीठ तिच्या तोंडापुढे धरलं. मेणबत्त्या सगळ्या गाईच्या बाजूला. बाबा रोज उचलून संतापुढे ठेवायचे, बाया रोज परत गाईपुढे.

अशात एक दिवस साहेबांना गाईच्या उजव्या शिंगावर दोन अक्षरं दिसली. कोर्बिनियनच्या नावाची.

"सही! दगाबाज!"

"सही कसली साहेब, डाग आहे तो," मी म्हणालो. "मालकाचा डाग नसलेली गाय आमच्याकडे चोरीची धरतात. संताच्या शेजारी चोरीची गाय बांधायची का?"

साहेब त्याच दिवशी शहराकडे चालते झाले. पुन्हा शेणातूनच.

नोव्हेंबरात संत लिओनार्डचा दिवस आला. त्या दिवशी गुरं चर्चभोवती फिरवायची, आणि ज्याचं जनावर तोच फेरीत, असा नियम. कोर्बिनियनकडे कधी शेळीसुद्धा नव्हती. चाळीस वर्षं तो भिंतीशी उभा राहून बघत आला. यंदा तोच नवा सदरा घालून रिकाम्या हातांनी काकूच्या मागे रांगेत घुसला.

पवित्र पाणी शिंपडत पाद्रीबाबा त्याच्यापाशी थांबले. "तू कसा रे इथे? जनावर कुठाय तुझं?"

"आत बांधलंय, बाबा."

बाबांनी एकदा चर्चच्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पाणी शिंपडलं त्याच्यावर. जरा जास्तच जोरात.