भूषणकाकांनी दिलेला आउट

खडकीच्या मैदानांवर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेला आणि बुद्धभूषण ओव्हाळांना न ओळखणारा माणूस सापडणं अवघड. दारूगोळा कारखान्यातली नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभराचे रविवार अंपायरिंगमध्ये घालवले. टेनिस बॉल बॅटची कड घेऊन गेला तरी आवाज जवळजवळ होतच नाही. पुन्हा दाखवणारा पडदाही नसतो. सगळी भिस्त अंपायरच्या डोळ्यांवर. बोट वर गेलं की कुरकुरणाऱ्या पोरालाही त्याचेच सोबती म्हणायचे, "भूषणकाकांनी दिलाय ना? मग चल बाहेर." या एका वाक्यावर बुद्धभूषण जगत होते म्हटलं तरी चालेल.

स्क्वेअर लेगला, दुसरे अंपायर म्हणून, बहुतेक वेळा तात्याराव असायचे. हडपसरचे, टायरच्या दुकानाचे मालक, अंगाने आडदांड, आवाजाने त्याहून. दोघांचं राजकारण कधीच जुळलं नाही. दोन डावांच्या मध्ये चहा पिताना ते एकमेकांच्या पुढाऱ्यांची यथेच्छ पिसं काढायचे आणि कप ठेवून आपापल्या जागी जाऊन उभे राहायचे.

मग महापालिकेची निवडणूक तोंडावर आली. दर आठवड्याला कुणा ना कुणा इच्छुकाच्या नावाचा चषक. हडपसरातल्या अशाच एका उपांत्य सामन्यात इंद्रजीत नावाचा तरुण इच्छुक स्वतः शेवटची ओव्हर टाकत होता. तात्याराव त्याच्याच पक्षाचे. निर्णायक चेंडूवर उंच झेल उडाला, पकडला गेला, ताशे वाजायला लागले, पोरं मैदानात धावली. बुद्धभूषणांचा हात मात्र आडवा होता. नो बॉल. इंद्रजीतचा पाय रेषेच्या चांगला वीतभर पुढे पडला होता. पुढच्याच चेंडूवर षटकार बसला आणि इंद्रजीतचा संघ हरला.

संध्याकाळपर्यंत क्लिप फिरायला लागली. ती सुरूच चेंडू सुटल्यानंतर व्हायची, म्हणजे पाय कुठेच नाही. नुसता झेल आणि अंपायरचा आडवा हात. खाली एक जुना फोटो. इंद्रजीतचे विरोधक आप्पासाहेब बुद्धभूषणांना शाल पांघरताहेत. त्या दिवशी सगळ्याच अंपायरना शाली मिळाल्या होत्या. बाकीचे कापून टाकले होते. वर मथळा, 'पंच की पाळीव?'

त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं! कुणी जात काढली, कुणी घराचा पत्ता टाकला. त्यांच्या बायकोच्या, सत्यशीलाच्या फोनवर अनोळखी माणसं शिव्या देऊ लागली. तिने बाजारात जाणं सोडलं.

तेही बुद्धभूषणांनी गिळलं असतं. पण एका पुतण्याने त्यांना हडपसरच्या एका ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ती क्लिप तात्यारावांनी टाकली होती. खाली कुणीतरी विचारलं होतं, "तात्या, तुम्ही होता ना तिथं? खरं काय?" आणि तात्यारावांचं उत्तर होतं, "त्याचं त्यालाच ठाऊक. माणूस कुणाचा हाय ते कळलं आता."

बुद्धभूषणांनी फोन केला नाही, जाब विचारला नाही. जाब विचारला की समोरचा दोन शब्द बोलतो आणि प्रकरण मिटतं. त्यांना ते मिटवायचं नव्हतं. सत्यशीला म्हणाली, "सोडा आता ते अंपायरिंग." ते म्हणाले, "एक स्पर्धा करतो, मग सोडतो." ती कुठली, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. तात्यारावांचा मुलगा पृथ्वीराज ज्या संघातून खेळायचा, तो खडकीच्या स्पर्धेत उतरणार होता. आयोजकांना त्यांनी स्वतःहून कळवलं, "मी येतो."

पृथ्वीराज आयटी पार्कात नोकरीला होता. फलंदाज मोठा देखणा. बॅट धरायची कशी, इथपासून त्याला बुद्धभूषणांनीच दाखवलेलं. अंतिम सामन्यापर्यंत त्यांनी त्याच्याबाबतीत एकही निर्णय चुकवला नाही. चुकवायचा तो जपून ठेवला म्हणा ना. अंतिम सामन्यात तो भरात होता आणि जिंकायला थोड्याच धावा उरल्या होत्या. एक चेंडू आत आला, मांडीला घासून कीपरच्या हातात गेला. गोलंदाजाने अर्ध्या मनाने अपील केलं. त्यालाही खात्री नव्हती. बुद्धभूषणांना होती. चेंडू बॅटपासून चार बोटं लांबून गेला होता.

त्यांनी सावकाश बोट वर केलं. स्क्वेअर लेगला तात्याराव होते. त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं आणि मगच बोट खाली घेतलं. छातीत इतकं गार वाटलं की महिनाभराची झोप एका दमात झाल्यासारखी.

पृथ्वीराजचा संघ हरला. जिंकणारा संघ निघाला आप्पासाहेबांच्या पोरांचा. त्यांनी बुद्धभूषणांना खांद्यावर घेतलं. "आपला माणूस! दिला त्यांना हिसका!" दुसऱ्या बाजूने शिव्या आल्या, पण त्या हडपसरला आल्या होत्या तशाच, अक्षरही वेगळं नाही. तेव्हा निर्णय बरोबर होता, आता चुकीचा. कुणालाच फरक पडला नव्हता. खांद्यावर बसल्या बसल्या त्यांना ते जाणवलं आणि खाली उतरावंसं वाटलं.

बक्षीस समारंभानंतर पृथ्वीराज जवळ आला. "काका, ग्लोव्हला लागला होता का हो? मला कळलंच नाही."

"हो," बुद्धभूषण म्हणाले.

"मग ठीक आहे," म्हणून तो निघून गेला.

ते 'ठीक आहे' त्यांना पचलं नाही. दोन दिवस कुढल्यावर ते बस पकडून हडपसरला गेले. तात्याराव दुकानात ट्रकचं चाक खोलत होते.

"तात्या, पृथ्वीराज आउट नव्हता. बॉल मांडीला लागला. मला दिसलं होतं. मी मुद्दाम दिला."

तात्याराव पाना हातात घेऊन तसेच उभे राहिले. "मुद्दाम? तू?"

"हो. तुझा मुलगा म्हणून."

"आरं पण म्या काय केलंय तुझं?"

"क्लिप पाठवलीस."

"कुठली क्लिप?"

बुद्धभूषणांनी महिनाभर उशाशी घेतलेली गोष्ट या माणसाला आठवतसुद्धा नव्हती! त्यांनी स्क्रीनशॉट समोर धरला. तात्यारावांनी तो वाचला, मान खाजवली. "दिसाला असलं पन्नास येतंय, पन्नास पुढं जातंय. पुरतं बघतंय कोण?"

"माझी बायको त्यापायी घराबाहेर पडत नाही. आणि तू पुरतं बघितलंही नाहीस?" बुद्धभूषणांचा आवाज इतका चढला की शेजारचा रसवंतीवाला डोकावला. त्यांनी आपल्या फोनवर त्या सामन्याचं थेट प्रक्षेपण शोधलं. तिथे सगळी ओव्हर अखंड होती. "आता बघ. माझ्याकडे बघायचं नाही, इंद्रजीतकडे बघायचं नाही. पाय बघ. पोरांना काय शिकवायचो आपण? आधी पाय, मग बॉल."

तात्यारावांनी डोळे बारीक केले. मागे घेऊन पुन्हा बघितलं. अंपायर होते शेवटी.

"वीतभर भाईर हाय."

"मग काय द्यायचा?"

"नो बॉल."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"पाय बघितलाच न्हाई," तात्याराव म्हणाले. "आपला माणूस हरला, तेवढंच बघितलं." मग त्यांनी पाना खाली टाकला. "पर म्या न बघता बोललो. तू तर बघून दिलास की रं. तुझं जास्त वाईट."

ते लागलं, पण आल्यासारखं बुद्धभूषणांनी आपलं वसूल करायचं ठरवलं. "आत्ता, माझ्यासमोर, त्याच ग्रुपवर लिही."

तात्यारावांनी जाड बोटांनी लिहिलं, 'भूषण बरोबर होता. नो बॉलच होता. मी न बघता पाठवलं.' चहा येईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या माणसांनी त्यांना फितूर ठरवलं होतं. संपेपर्यंत इंद्रजीतने ग्रुपमधून काढून टाकलं. तात्यारावांनी फोन टायरवर पालथा टाकला. बुद्धभूषणांना तो चहा फार गोड लागला, खोटं कशाला सांगा.

"आता तुझी पाळी," तात्याराव म्हणाले. "पोराला तू सांगायचं. म्या न्हाई सांगणार."

बुद्धभूषणांनी पृथ्वीराजला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टीममधली पोरं म्हणत होती, खोटा आउट दिला तुला. मी एकटा भांडत होतो, काकांनी दिलंय म्हणजे लागलाच असणार. आता त्यांना जाऊन सॉरी म्हणू का?" आणि गाडीला किक मारून निघून गेला.

बुद्धभूषणांनी आयोजकांना फोन करून आपला निर्णय चुकीचा आणि मुद्दाम दिलेला असल्याचं सांगितलं आणि ते सगळ्यांना कळवायलाही लावलं. ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं तेच आता म्हणू लागले, इंद्रजीतने विकत घेतला. ते मात्र त्यांनी चवीने वाचलं. दोन्हीकडच्यांना एकदम झोंबवायचं सुख त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. इंद्रजीत निवडणुकीत पडला तेव्हा त्यांनी पावशेर पेढे आणले. सत्यशीलाने पुडा उघडला नाही. "त्यांच्यासारखंच करायचं होतं तर एवढं कशाला सोसलं?" एवढंच म्हणाली आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. बऱ्याच दिवसांनी गेली होती.

पुढच्या हंगामात अंपायरिंगला बोलावणारे दोघे-तिघेच उरले. त्यातल्या एका सामन्याला तात्याराव स्क्वेअर लेगला होते. चहाला दोघांचं पुन्हा राजकारणावरून वाजलं, पण आता बोलण्याआधी तात्याराव विचारायचे, "पुरतं बघितलंयस का?" आणि बुद्धभूषणांना कधी कधी 'नाही' म्हणावं लागायचं.

त्या दिवशी पृथ्वीराज खेळत होता. बुद्धभूषणांनी आधी पाय बघितला, मग चेंडू. बारीकशी कड लागली आणि कीपरने झेल घेतला. त्यांनी बोट वर केलं. पृथ्वीराज हलला नाही. त्याने वळून स्क्वेअर लेगला बापाकडे बघितलं. तात्यारावांनी मान डोलावली, तेव्हा कुठे तो बॅट काखेत मारून चालू लागला. बुद्धभूषणांनी तो पूर्ण बाहेर जाईपर्यंत बोट खाली घेतलं नाही.