आजोबांचा बोटीवरचा साबण

आता कुठल्या तोंडाने सांगू, पण या दिवाळीत पहिल्या आंघोळीला मी असा काही घोळ घातला की अजून कुणी साबण मागितला तरी मला घाम फुटतो.

झालं असं. नायगावची चाळ पाडायला घेतली, म्हणून आत्या सगळा पसारा घेऊन परळला आमच्याकडे आली. घरभर बोचकी. पहाटे अंगाला तेल चोपडून, उटणं लावून मी आंघोळीला निघालो, तर साबण कुठे सापडेना. शेवटी आत्याची पत्र्याची ट्रंक उघडली. साड्यांच्या घडीत अख्खा साबण, कागदावर भल्यामोठ्या बोटीचं चित्र. मला वाटलं, आत्याने दिवाळीसाठी खास आणलाय.

बाथरूममध्ये फेस म्हणून येईना. आयुर्वेदिक असेल, म्हणून मी आणखी जोर लावला. अर्धा झिजला तेव्हा कुठे वास सुटला.

तेवढ्यात बाहेरून आत्या. "माझो साबण खंय गेलो?"

"कुठला साबण, आत्या?" माझ्या बायकोने, शुभाने विचारलं.

"बाबांचो गे. विलायतेच्या बोटीर कामाक होते. शेवटच्या खेपेक माझ्यासाठी आणल्यानी. कधी अंगाक लावूक नाय, नुसतो वास घेतंय."

बाबा म्हणजे माझे आजोबा. हातातला साबण निसटला. उचलून, टिपून परत कागदात गुंडाळायला गेलो, तर कागदाचा लगदा. तुम्हीच सांगा, साबणाने माखलेल्या माणसाने करायचं काय?

"ट्रंक टेम्पोवाल्याने उचलली होती ना?" शुभा म्हणाली.

"फोन लाव त्येका," आत्या म्हणाली आणि रडायलाच लागली.

चाळ सोडतानाही ती रडली नव्हती हो. त्यात सणासुदीला त्या बिचाऱ्या टेम्पोवाल्यावर आळ. पंचा गुंडाळून तसाच बाहेर आलो आणि उरलेला तुकडा तिच्या हातात ठेवला.

"आत्या, चोर मीच."

शुभाने फोन ठेवला. आत्याने साबण हुंगला. मग मला वाकवून माझं डोकं हुंगलं, खांदा हुंगला.

"बाबा घराक येत, तेव्हा असोच वास येय," ती म्हणाली. माझेही डोळे भरले, थोडे साबणाने, थोडे तसेच.

अंग धुवायला वळलो, तर तिने दंड धरला. "खबरदार, पाणी घेतलंस तर."

झालं! फराळाला येईल त्याला आत्या आधी चकली द्यायची, मग माझ्यापुढे उभं करायची. "हुंग."

भाऊबीजेला धाकटी बहीण ओवाळायला आली. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने नाक धरलेलं. म्हणाली, "दादा, आजोबा बोटीवर नक्की काय करायचे रे? मासे धरायचे?"