फार्टलेक म्हणजे काय

चंद्रपुरात खेळाच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी धानोऱ्याकडची, धान पिकवणाऱ्या घरची. ती आलापल्लीची, तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. पळण्यात ती माझ्या कितीतरी पुढे. तिच्या पाठीवरची वेणी बघतच मी पळायला शिकले.

सर आम्हाला फार्टलेक करायला लावायचे. त्या शब्दाचा अर्थ कोणी विचारला नाही. मुली त्याला ‘फाटले का’ म्हणायच्या, कारण तो संपेपर्यंत छाती फाटायची वेळ यायची. शिट्टी वाजली की जीव तोडून पळायचं, पुन्हा वाजली की हळू, आणि श्वास जागेवर यायच्या आत परत शिट्टी.

एका हिवाळ्यात तिची नडगी दुखायला लागली.

"सर, आज नाई होत. हाडातूनच दुखून राह्यलं," ती म्हणाली.

"स्पर्धा जवळ आली की सगळ्यांचंच दुखते. नाटकं नको, पळ."

ती पळाली. मैदानाच्या वळणावर खाली बसली ती उठलीच नाही. हाडाला आधीच तडा गेला होता, तो पुरता मोडला. अब्बा येऊन तिला घेऊन गेले. पाय जुळला, पण वाकडा. सर अजून तिथेच आहेत. मध्यंतरी त्यांचा सत्कारही झाला.

पुढे मी खेळशिक्षिकेचा कोर्स केला. तिथे मॅडमनी सांगितलं, हा शब्द स्वीडिश आहे. फार्ट म्हणजे वेग, लेक म्हणजे खेळ. रानवाटेनं धावताना मनाला येईल तेव्हा वेग वाढवायचा, दमलं की कमी करायचा. ठरवायचं धावणाऱ्यानंच. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. माझ्याच्यानं लिहवलं नाही.

सुट्टीत मी आलापल्लीला तिच्याकडे गेले. दुकान आता तीच चालवते. मी सांगितलं तशी तिनं मशीन थांबवली.

"लेक म्हणजे खेळ?"

"हो."

"आन् थांबावं वाटलं तर थांबायचं?"

"हो."

ती हसली, पण ते हसणं बघवलं नाही. "मग हे मले आता काऊन सांगून राह्यली? मले बरं वाटन, असं वाटलं तुले?"

बाहेरून सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक एकामागून एक जात होते. धूळ येते म्हणून तिनं शटर अर्धं ओढलं आणि कुणाचा तरी ब्लाउज उसवायला घेतला. मी तशीच बसून राहिले. शेवटी तीच म्हणाली, "जाय, तुही गावाकडची बस निघून जाईन."