पट्टा चढवताना

थ्रेशरने सोयाबीनची अर्धी गंजी संपवली होती आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला काहीतरी फाटकन वाजलं. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. फॅनचा पट्टा तुटून खाली पडला होता. आर्वीच्या बाजूला आभाळ काळंभोर झालेलं, आणि उरलेलं सोयाबीन उघड्यावर.

रोहण्याजवळचं आमचं शेत. ट्रॅक्टर सासऱ्यांच्या वेळचा, आमच्या लग्नाहून जुना. नवऱ्याने त्याला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. पण मागल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं. उजवा हात हलायचा थोडाफार, पण त्याला गरम-गार काहीच कळत नसे. तेव्हापासून ट्रॅक्टर मी चालवत होते. खोलून दुरुस्त करायची वेळ आली नव्हती.

आर्वीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

कडुनिंबाखाली बसलेले हे उठून आले. "नवा पट्टा सीटखाली हाय. काढ."

"मले नाई जमणार."

"मंग मी करतो." त्यांनी डाव्या हाताने पाना उचलला. तो दोनदा निसटला. मी तो काढून घेतला. त्यांनी मान फिरवली.

पट्टा चढायला आधी डायनामो आत सरकवायचा होता, पण त्याचा बोल्ट गंजून बसला होता. इंजिन तापलेलं, माझ्या मनगटाला चटका बसला.

"उलटा फिरवून राह्यली तू!" ते ओरडले.

"माह्यावर आवाज नका चढवू!" मीही ओरडले. थ्रेशरजवळच्या बाया गुपचूप दुसरीकडे पाहू लागल्या.

बोल्ट कुरकुरत सुटला. डायनामो आत ढकलून मी नवा पट्टा खालच्या पुलीवर आणि डायनामोवर घातला. फॅनच्या पुलीवर मात्र चढेना.

"मी पट्टा पुलीच्या काठावर दाबून धरतो. तू फॅनची पाती धरून फिरव."

ते पलीकडून दोन्ही हात लावून वाकले. मी जोर लावला. पट्टा थोडा चढला आणि अडला.

"अजून लाव!"

मी अंगाचा सगळा भार टाकला. तेव्हा पट्ट्यावर लाल ओघळ दिसला. मी हात थांबवला.

"काऊन थांबली?"

"तुमचं बोट!"

त्यांनी खाली पाहिलं. उजव्या हाताचं बोट पट्टा आणि पुलीच्या मध्ये दबलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी फॅन मागे फिरवला. बोट सुटलं. नख उखडलं होतं. एका बाईने पाणी ओतलं, मी ओढणी फाडून बांधली.

"लय दुखते का?"

"नाई." मग हळूच म्हणाले, "दुखलं असतं तर बरं वाटलं असतं."

मला रडू आलं, पण वारा सुटला होता.

"तुमी तिकडं बसा. तिथूनच सांगा," मी म्हटलं. ते गेले.

पुलीच्या काठावर पाना अडकवून मी फॅन फिरवला. पट्टा बसला. पट्टा घट्ट व्हायला लोखंडी सब्बल लावून डायनामो बाहेर ताणला, बोल्ट आवळला.

"अंगठ्यानं दाबून पाह्य. जरासा दबते?"

"हाव."

"कर चालू."

पाऊस आला तेव्हा चार-पाच गठ्ठे राहिले होते. त्यांच्यावर ताडपत्री टाकून आम्ही धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आर्वीची एसटी धरली. गाडीत ते म्हणाले, "मिस्त्रीले सांगजो, उद्या येऊ नको म्हणाव."